जेराल्ड मूर आणि साथीची प्रतिष्ठा
पाश्चात्त्य गीतगायनात साथ करणाऱ्या पियानोवादकास दीर्घकाळ दुय्यम लेखले जाई. ही समजूत पालटण्यास इंग्रज वादक जेराल्ड मूर (१८९९–१९८७) यांनी मोठा हातभार लावला. शूबर्टच्या गीतांत पियानो केवळ स्वराधार देत नाही. चरख्याची घरघर वा घोड्याची दौड तोच ऐकवितो. म्हणून वादकाने गीताचे शब्द व गायकाचा श्वास दोन्ही जाणले पाहिजेत, ही मूर यांची शिकवण. साथीची ही बाजू त्यांनी १९४३ मध्ये ग्रंथरूपाने निःसंकोच मांडली. १९६७ साली लंडनमधील निरोपाच्या मैफलीत तीन थोर गायकांना साथ केल्यावर त्यांनी अखेरीस शूबर्टचे संगीतविषयक कृतज्ञतागीत एकट्यानेच वाजविले. साथीचे मानलेल्या वाद्यानेच त्या रात्री गीताचा सारा भार वाहिला.