किडनीची पेरणी आईच्या पोटात



शाळू पोटरीत असताना पाण्याचा ताण बसला की काय होते, हे नगरच्या शेतकऱ्याला सांगायला नको. कणसात दाणेच कमी धरतात. मागाहून पाणी दिले तर आहे तो दाणा टपोरा होईल, पण दाण्यांची संख्या वाढत नाही. माणसाच्या किडनीचेही असेच आहे.

किडनी म्हणजे मूत्रपिंड. ते रक्त गाळते. एका मूत्रपिंडात सरासरी १० लाख बारीक गाळण्या असतात. कुणाला याहून पुष्कळ कमी, कुणाला दुप्पट. त्या आईच्या पोटातच तयार होतात, निम्म्याहून अधिक शेवटच्या तीन महिन्यांत. ३६ व्या आठवड्याच्या सुमारास हे काम संपते. पूर्ण दिवसांच्या बाळाला जन्मानंतर नवी गाळणी येत नाही.

पोटात पोषण कमी पडले की बाळ हलके जन्मते आणि गाळण्याही कमी राहतात. थोड्या गाळण्यांवर सगळा भार पडतो. बैल एकच आणि ओढायचे दोघांचे, तसे होते. वर्षे जातात तशा त्या झिजतात, रक्तदाब वाढतो. अमेरिकेतील डॉ. ब्रेनर यांनी १९८८ साली हा विचार मांडला. पुढे मधुमेह जडला तर अशा किडनीला तो लवकर बाधतो. गरिबाघरचा किडनीचा धोका असा जन्माआधीच सुरू होतो.

आपल्या शेजारच्या पुणे जिल्ह्यात सहा गावांतील गरोदर बायांचा अभ्यास के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून केला. बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास भरले. ज्या आयांच्या जेवणात पालेभाजी, फळे, दूध जास्त, त्यांची बाळे वजनदार होती. ज्यांना कष्टाची कामे फार, त्यांची बाळे लहान होती.

पाथर्डी-शेवगावकडच्या कितीतरी बाया दिवस गेलेले असतानाही ऊसतोडीला जाऊन मोळ्या उचलतात. घरोघरी पाण्याचे हंडे आहेतच. म्हणून हे करा :

१) दिवस राहिल्याचे कळताच उपकेंद्रात नाव नोंदवा. फडावर जायचे असेल तर कार्ड बरोबर ठेवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी होते.

२) मेथी, चाकवत, शेवग्याचा पाला, डाळ, दूध रोज पोटात जाऊ द्या. सगळे दूध डेअरीला घालू नका. लोहाच्या गोळ्या पूर्ण घ्या.

३) हंडे, मोळ्या, पोती उचलण्याचे काम घरच्या पुरुषांनी करावे.

४) मिसरी, तंबाखू सोडा. अंगदुखीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. काही गोळ्या बाळाच्या किडनीला अपाय करतात.

५) बाळाचे जन्माचे वजन लिहून ठेवा. ते अडीच किलोहून कमी असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. मोठेपणी त्याने रक्तदाब व लघवी तपासून घ्यावी, मीठ बेताचे खावे, वजन फार वाढू देऊ नये.

हलके जन्मलेल्या प्रत्येकाची किडनी बिघडतेच असे नाही. पण पोटरीतल्या शाळूला पाणी द्यायला आपण रात्री उठून जातो. घरातल्या गरोदर सुनेची काळजीही तितक्याच तत्परतेने घ्या. तिच्या त्या नऊ महिन्यांची राखण पुढे पन्नास वर्षे कामी येते.