'जीर्ण' कुणी ठरवायचं? गावची जुनी पेठ आणि पुनर्विकासाचा फेरविचार



मागच्या व्याख्यानात आपण न्यायदर्शनातले लक्षणाचे तीन दोष पाहिले: अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. व्याख्यान संपल्यावर एका गृहस्थांनी विचारलं, "सर, गाय आणि तिची शिंगं यांच्यापलीकडे या दोषांचा काही उपयोग आहे का?" प्रश्न रास्त होता. आज म्हणून गाय गोठ्यातच राहू द्या. आपण गावच्या बाजारपेठेत जाऊ.

तालुक्याच्या गावातली जुनी पेठ आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. खाली दुकान, वर लाकडी माडी. काही ठिकाणी अजून फळ्यांची दारं, बाकी पत्र्याची शटरं. गटारावर टाकलेल्या फरश्या आणि डोक्यावर विजेच्या तारांचा गुंता. भांड्यांचं दुकान, शिंपी, आयुर्वेदिक औषधांचं दुकान, स्टोव्ह दुरुस्त करणारा, आणि मधे मधे कुलूप लागलेले गाळे. गावाबाहेरून बायपास गेला की मोठी दुकानं तिकडे सरकतात. मग पालिकेत प्रस्ताव येतो, की पेठ जीर्ण झालेली आहे, रस्ता रुंद करावा आणि दोन्ही बाजूंना व्यापारी संकुल उभारावं. चित्र छान असतं. हरकती येतात, सभा गाजते आणि शेवटी ठराव फेरविचारासाठी मागे घेतला जातो. मग लोक म्हणतात, या गावाला साधा एक निर्णय घेता येत नाही.

आम्हाला तसं वाटत नाही. फेरविचार म्हणजे कच खाणं नव्हे. प्रस्तावात एक शब्द न तपासता आलेला असतो, 'जीर्ण', आणि फेरविचारात निदान तो शब्द तपासायची संधी मिळते. बघा, या एका शब्दात दोन गोष्टी गुंडाळलेल्या आहेत. भिंतीला तडे गेलेत, ही वस्तुस्थिती. भिंत पाडावी, हा निर्णय. पहिलीवरून दुसऱ्यावर जायला मधे एक हेतू लागतो, आणि 'जीर्ण' म्हटलं की तो हेतू कुणी मागतच नाही.

हा शब्द कायद्यात बसवून त्यावर सबंध वस्त्या पाडण्याचा मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. तिथं काय घडलं याची नोंद चांगली ठेवलेली आहे, म्हणून थोडा वेळ तिकडे जाऊ. वॉशिंग्टन शहराच्या नैर्ऋत्य भागातली एक वस्ती १९४५ च्या कायद्याखाली पुनर्विकासाला घेतली होती. लोकसंख्या ५,०१२, त्यातले ९७.५ टक्के कृष्णवर्णीय. पाहणीत ६४.३ टक्के घरं दुरुस्तीपलीकडे गेलेली आढळली, ५७.८ टक्के घरांचे संडास बाहेर होते. या वस्तीत एक डिपार्टमेंट स्टोअर होतं. मालकाचं म्हणणं एवढंच, की माझं दुकान धड आहे, ते झोपडपट्टीचा भाग नाही, ते का पाडता? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९५४ मध्ये न्यायालयानं एकमतानं निकाल दिला, की विचार सबंध क्षेत्राचा करायचा, एकेका इमारतीचा नाही.

आता आपली अतिव्याप्ती इथं उपयोगी पडते. मोजलं काय? घरांचे संडास, न्हाण्या, वीज. लागू कशाला केलं? दुकानाला. लक्षण एका वस्तूवरून काढलं आणि लावलं दुसऱ्या वस्तूला. न्यायालयाच्या बाजूनंही बोललं पाहिजे. एकेक घर सोडत गेलं तर वस्ती कधीच सुधारणार नाही, या युक्तिवादात तथ्य आहे. सांडपाण्याची व्यवस्था ही काही एकेका घराची बाब नव्हे. पण समूहाचा धर्म प्रत्येक अवयवावर लादता येत नाही. सैन्य मोठं आहे म्हणून त्यातला प्रत्येक शिपाई मोठा ठरत नाही. त्या वस्तीतली आणि आसपासची हजारो माणसं उठवली गेली, आणि नवीन इमारतींत परत येणं त्यांच्यातल्या फारच थोड्यांना परवडलं.

सगळेच काही पाडून मोकळे झाले नाहीत. मिशिगन राज्यात कालामाझू नावाचं शहर आहे. १९६० च्या सुमारास ऐंशी हजारांच्या आसपास वस्ती, म्हणजे आपल्याकडचं एखादं बऱ्यापैकी तालुक्याचं गाव म्हणा. व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेले व्हिक्टर ग्रुएन हे वास्तुविशारद, ज्यांनी १९५६ मध्ये मिनेसोटात बंदिस्त मॉल उभारला, त्यांनाच या गावानं आराखडा करायला सांगितला. १९५९ मध्ये तिथल्या मुख्य व्यापारी रस्त्याचे दोन तुकडे मोटारींना बंद केले. झाडं लावली, कारंजी केली, माणसांनी चालायचं. देशभर कौतुक झालं आणि दोनशेच्या आसपास गावांनी तोच कित्ता गिरवला. गंमत अशी, की ग्रुएन यांच्या आराखड्यात गावाभोवती वळसा घालणारा रस्ता आणि वाहनतळ यांची सबंध व्यवस्था होती. गावानं त्यातला फक्त देखणा भाग उचलला. पुढे शहराबाहेर मॉल उभे राहिले, गिऱ्हाईक तिकडे गेलं, आणि १९९८ मध्ये कालामाझूनं त्या रस्त्याचा काही भाग पुन्हा मोटारींना खुला केला. नक्कल करणाऱ्या गावांपैकी बहुतेकांनी तेच केलं. म्हणजे रोग एक आणि औषध दुसरं. रस्ता रोगी नव्हताच. गाव बाहेर पसरत होतं आणि रस्ता मागे पडत होता.

यानंतरचा प्रयोग कमी गाजला, पण आम्हाला तो जास्त शिकवणारा वाटतो. १९७७ मध्ये तिथल्या ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या राष्ट्रीय न्यासानं तीन छोटी गावं निवडली: इलिनॉयमधलं गेल्सबर्ग, इंडियानामधलं मॅडिसन आणि साउथ डाकोटामधलं हॉट स्प्रिंग्ज. प्रत्येक गावात एक पूर्णवेळ माणूस नेमला. त्याचं काम मोठी योजना आखणं नव्हतं. पेठेत हिंडणं, दुकानदारांना एकत्र बसवणं, रिकाम्या गाळ्यांना माणूस शोधणं, दर्शनी भागाची डागडुजी कशी करावी ते सांगणं, हे काम. त्या काळात अमेरिकेत जुन्या विटांच्या दर्शनी भागावर पत्रा ठोकून दुकान 'आधुनिक' करायची टूम निघाली होती. असे पत्रे काढल्यावर मागे चांगली शाबूत इमारत निघायची! तीन वर्षांच्या अनुभवावरून १९८० मध्ये या कामाचं राष्ट्रीय केंद्र निघालं आणि ते आजही चालू आहे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्हीच पक्षपाती ठरू. त्याच गेल्सबर्गमध्ये मेटॅग कंपनीचा शीतकपाटांचा कारखाना होता. तो २००४ मध्ये बंद झाला आणि सोळाशेच्या आसपास कामगारांची नोकरी गेली. गावाचं पोट ज्यावर चालतं तेच गेलं तर दर्शनी भाग कितीही रंगवा, गिऱ्हाईक कुठून येणार? पेठ वाचवून गाव वाचतंच असं कुणी सांगू लागलं, तर त्याच्याकडूनही हेतू मागावा.

तर मग पेठ जीर्ण होते कशामुळे? आपल्याकडचं मोठं कारण भाड्यात आहे. मुंबई भाडे कायदा १९४७ चा. त्यात प्रमाणभूत भाडं १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याशी बांधलं गेलं. युद्ध आणि टंचाईच्या काळात भाडेकरूला ते संरक्षण हवंच होतं, पण ती गाठ पन्नास वर्षं सुटली नाही. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, त्यात वर्षाला ४ टक्के वाढ आहे. पण मूळ भाडं शंभर रुपये असेल तर ४ टक्के म्हणजे किती? मालक म्हणतो, या भाड्यात कौलं कशी बदलू? भाडेकरू म्हणतो, इमारत माझी नाही, मी खर्च का करू? दोघांचंही खरं आहे आणि पाऊस दोघांच्या डोक्यावर गळतो.

पण याच स्वस्त भाड्यावर शिंपी तगलेला असतो. अमेरिकेतल्या जेन जेकब्स यांनी १९६१ च्या आपल्या पुस्तकात हा मुद्दा नेमका पकडला. नवीन बांधकामाचा खर्च भाड्यातून वसूल करावा लागतो, आणि ते भाडं बँक देऊ शकते, मोबाइलचं दुकान देऊ शकतं, पण पुस्तक-बांधणीवाला देऊ शकत नाही. जुन्या इमारती नुसत्या जुन्या नसतात, त्या कमी नफ्याच्या धंद्याची जागा असतात. संकुलाच्या चित्रात हा माणूस कधी दिसतो का, ते पाहावं. त्याला 'गाळा मिळेल' असं सांगतात. गाळा मिळतोही, पण कितव्या मजल्यावर आणि महिन्याचा देखभाल खर्च किती, हे कुणी सांगत नाही. पँटची चेन बदलायला तिसऱ्या मजल्यावर कोण चढणार आहे?

दुसरं कारण आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आम्ही ज्या गावात अनेक वर्षं शिकवलं, तिथल्या पेठेत एक दिवस एका कचेरीची माणसं रंगाचा डबा घेऊन आली आणि दुकानांच्या भिंतींवर लाल खुणा करून गेली. रस्तारुंदी इथपर्यंत. त्यानंतर वर्षानुवर्षं काहीच झालं नाही. पण त्या खुणेच्या पुढच्या भागावर कुणी रुपया खर्च केला नाही. आमचा शिंपी म्हणायचा, "सर, जी भिंत पाडणार तिला गिलावा कोण करतं?" छपराची दुरुस्ती थांबली, कर्ज मिळेना, पोरं पुण्याला गेली. पंधरा वर्षांनी पाहणी झाली आणि अहवालात काय आलं? पेठ जीर्ण आहे! न्यायाच्या भाषेत बोलायचं तर जे सिद्ध करायचं तेच साधन झालं. जीर्ण म्हटलं, म्हणून जीर्ण झाली, आणि जीर्ण झाली, म्हणून पाडायची.

मग पडकी माडी तशीच ठेवायची का? अजिबात नाही. धोकादायक इमारत ही धोकादायकच असते, खाली माणसं बसतात. पण ती ठरवायची ती त्या इमारतीपुरती, तपासून. इथं पॅट्रिक गेडीस यांची आठवण काढणं भाग आहे. हे स्कॉटलंडचे, मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. १९१४ मध्ये नगररचनेचं प्रदर्शन घेऊन हिंदुस्थानात यायला निघाले, तर प्रदर्शनाचं सामान घेऊन येणारं जहाज जर्मनांच्या एमडेन या युद्धनौकेनं बुडवलं. गडी डगमगला नाही, नवीन प्रदर्शन जमवलं. १९१९ ते १९२४ ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक होते. त्यांचा आग्रह असा, की आधी निदान, मग उपचार. दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढण्याऐवजी गल्लीगल्लीतून चालत जावं, एखादी खरोखरच पडीक भिंत काढावी, तिथं झाड लावावं, हवा खेळती करावी. जपून केलेली शस्त्रक्रिया.

होळकरांच्या इंदुरात त्यांनी जे केलं ते तर नाटकच होतं. प्लेगची साथ होती. गेडीस यांनी दिवाळीची मिरवणूक ठरवली आणि जाहीर केलं, की मिरवणूक नेहमीच्या मार्गानं जाणार नाही. ज्या गल्ल्या लोक सर्वांत चांगल्या साफ करतील, घरांची डागडुजी करतील, तिथूनच जाईल. मग काय, जो तो कामाला लागला. मिरवणुकीत प्लेगचा अवाढव्य उंदीर होता, आणि सफाई कामगार स्वच्छ कपडे घालून, फुलांच्या माळा लेवून मानानं चालत होते. लोकांनी आपली गल्ली आपण सावरली, कारण तिला कुणी जीर्ण म्हटलं नव्हतं. मिरवणूक इथून जाऊ शकते, असं म्हटलं होतं.

आता फेरविचाराला बसलेल्या गावानं प्रत्यक्ष काय पाहावं? आम्ही नगररचनाकार नाही, पण कायद्यात काही गोष्टी लिहिलेल्या आहेत त्या वाचता येतात. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यात आरक्षित जमीन १० वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि पुढच्या २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. म्हणजे भिंतीवरची लाल खूण काही ब्रह्मलिखित नव्हे. फुटपाथवर बसणाऱ्या भाजीवालीसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. सर्वेक्षण पुरं होईपर्यंत तिला हलवता येत नाही, आणि नगर पथविक्रेता समितीत निदान ४० टक्के सदस्य विक्रेतेच असावे लागतात. आपल्या गावात ही समिती आहे का, तिची शेवटची बैठक कधी झाली, एवढं विचारलं तरी सभेचा नूर बदलतो.

आणि पाहणी करायचीच असेल तर भिंतींबरोबर माणसंही मोजावीत. आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी आठ ते रात्री आठ, आसपासच्या खेड्यांतून कोण येतं, काय घेतं, उधारीवर कोण घेतं. बाईमाणसाला सबंध पेठेत मुतारी नाही, हे कुठल्याही अहवालात आलेलं आम्ही अजून पाहिलेलं नाही, आणि ती बांधायला रस्ता रुंद करावा लागत नाही. कुलूपबंद गाळे किती, त्यातले भाऊबंदकीच्या दाव्यात अडकलेले किती आणि खरोखर गिऱ्हाईक नाही म्हणून बंद पडलेले किती, हे वेगवेगळं मोजावं. आमचा अंदाज आहे, की पहिला आकडा मोठा निघेल, पण तो अंदाजच आहे. मोजल्याशिवाय आमच्यावरही विश्वास ठेवू नका.

वेळ झालेली दिसते. मागच्या बाजूला दोन हात वर आहेत आणि त्यातले एक गृहस्थ पेठेतले दुकानदार आहेत हे आम्हाला माहीत आहे. तेव्हा आम्ही इथं थांबतो, आधी त्यांना बोलू द्या.