फोटो माहेरी येतात

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, लिव्हरपूल नदी समुद्राला मिळते तिथे, नागालाराम्बा नावाची जागा आहे. १९५२ साली ॲक्सेल पॉइन्यंट नावाचा पंचेचाळिशीतला फोटोग्राफर तिथे जाऊन राहिला. वडील स्वीडिश, आई इंग्रज, जन्म यॉर्कशरचा. १९२६ साली नशीब काढायला ऑस्ट्रेलियात आला, सुरुवातीला बरेच हाल काढले, मग पर्थमध्ये स्टुडिओ थाटला. पुढे सिनेमाचा कॅमेराही हाताळला. आदिवासी चित्रकार आल्बर्ट नामाजिरावरच्या १९४७च्या माहितीपटाचं छायाचित्रण त्याचं आहे. म्हणजे चार दिवस हौस करायला आलेला पाहुणा नव्हे, धंद्यात मुरलेला माणूस.

हा मुलूख आर्नहेम लँडचा. सुमारे ९७ हजार चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या जवळजवळ एक तृतीयांश. १९३१ साली सरकारने तो आदिवासींसाठी राखीव केला. बाहेरच्याला आजही परवाना काढल्याशिवाय आत जाता येत नाही, फरक इतकाच की आता जमिनीची मालकी कायद्यानेच तिथल्या आदिवासींकडे आली आहे. किनारा खाड्यांचा, तिवरांचा, कासवांचा. गोरे येण्याच्या कितीतरी आधी इथे सुलावेसी बेटावरच्या मकासरहून होड्या यायच्या, त्या ‘त्रेपांग’साठी. हा समुद्रतळावरचा काकडीसारखा जीव वाळवून चीनला विकला जाई. सरकारने १९०७च्या सुमारास ही ये-जा बंद पाडली, पण त्या खलाशांनी आणलेल्या चिंचांची झाडं किनाऱ्यावर अजून उभी आहेत. तेव्हा ‘जगापासून तुटलेले लोक’ हे जे वर्णन जुन्या सचित्र मासिकांत सापडतं, ते त्या मासिकांच्या सोयीचं होतं, एवढंच.

पॉइन्यंट गेला तेव्हा नदीमुखाजवळचं मानिंग्रिडा गाव वसायचं होतं. १९४९च्या सुमारास सरकारने तिथे एक व्यापारी ठाणं काढलं होतं, लोकांनी डार्विन शहराची वाट धरू नये म्हणून. ते लवकरच बंद पडलं, आणि कायमची वसाहत झाली १९५७ साली. या मधल्या काळात नदीकाठी वेगवेगळ्या भाषा बोलणारी कुटुंबं एकत्र येत, राहत, पुन्हा पांगत. पॉइन्यंटचे फोटो या मधल्या काळातले आहेत. ख्रिस्ती मिशनच्या आवारात गणवेश घालून रांगेत उभी केलेली मुलं त्यांत नाहीत. मासे, पोरंबाळं, रोजचं रांधणं-खाणं आणि सणसोहळे आहेत.

त्याला तिथे पाहायला मिळालेला विधी ‘रोम’चा. (इटलीशी याचा काही संबंध नाही.) दोन गटांमध्ये नातं जोडायचं, जुनं नातं उजळायचं किंवा मनातली अढी काढायची, तर हा विधी करतात. पाहुणे एक खांब तयार करून आणतात. त्यावर झाडाची साल गुंडाळलेली असते, सालीवर कुळाची नक्षी रंगवलेली असते आणि पिसं ओवलेल्या दोऱ्यांची सजावट असते. पण खांब लगेच हातात द्यायचा नसतो. आधी कित्येक संध्याकाळी गाणं आणि नाच, काठीवर काठी आपटून धरलेला ठेका, सोबत डिजरीडू या फुंकवाद्याची घुमणारी साथ. गाण्यांत पहाटेचा तारा येतो, रानातला मध येतो. शेवटच्या दिवशी नाचत नाचत खांब यजमानांच्या हवाली होतो आणि यजमान परतभेटी देतात. ज्याने खांब घेतला तो त्या नात्यात बांधला गेला.

तीस वर्षांनी, १९८२ साली, याच भागातल्या मंडळींनी फ्रँक गुर्रमानामाना यांच्या पुढाकाराने हा विधी थेट राजधानी कॅनबेरात केला. खांब दिला तो आदिवासी संस्कृतीचा अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेला. मला ही चाल फार हुशारीची वाटते. ज्यांनी आयुष्यभर आपली गाणी टेपवर घेतली, फोटो काढले, शब्द टिपून नेले, त्यांनाच देण्याघेण्यात ओढायचं! एकदा नात्यात आलात की नुसतं नेता येत नाही.

नुसतं नेणारे कसे असतात, ते पाहायचं तर पॉइन्यंटच्याही चार वर्षं मागे जायला हवं. १९४८ साली चार्ल्स माउंटफर्डच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेची मोठी संयुक्त मोहीम आर्नहेम लँडमध्ये उतरली. पाठीशी वॉशिंग्टनची स्मिथसोनियन संस्था, नॅशनल जिओग्राफिक सोसायटी आणि ऑस्ट्रेलिया सरकार. तळ तीन: ग्रूट आयलंड बेट, यिर्काला आणि ओएनपेली. सालीवरची शेकडो चित्रं, मासे, पक्षी, वनस्पती, फोटो, फिल्म, गाण्यांच्या नोंदी असं सगळं गोळा झालं. यातलं बरंच आज अमोल आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण उपनेता फ्रँक सेट्झलर याने गुहांमध्ये जपून ठेवलेल्या पूर्वजांच्या अस्थीही उचलल्या. सोबतचे आदिवासी मदतनीस दुपारी जेवून झोपले की हे काम उरकायचं, अशी नोंद त्याच्या स्वतःच्या डायरीत आहे. नॅशनल जिओग्राफिकचा हॉवेल वॉकर मोहिमेचा छायाचित्रकार. त्याच्या फिल्मवर सेट्झलर कपारीतून हाडं काढून पेटीत ठेवताना दिसतो. लपवाछपवी होती ती फक्त अस्थींच्या वारसांपासून. कॅमेऱ्यापुढे कुणाला संकोच वाटला नाही. वॉशिंग्टनहून त्या अस्थी परत यायला एकविसावं शतक उजाडलं, आणि २०११ साली ओएनपेलीला, म्हणजे आजच्या गुनबलान्याला, त्यांना पुन्हा माती मिळाली. त्यावरच्या ‘एच्ड इन बोन’ या २०१८च्या माहितीपटाने ते जुनं चित्रणच साक्षीला काढलं आहे.

माउंटफर्डला स्वतःला झटका बसला तो वेगळ्याच पुस्तकापायी. मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या पुरुषांनी त्याला विश्वासाने काही गुप्त विधी दाखवले होते. त्यांची माहिती आणि चित्रं त्याने १९७६च्या ग्रंथात छापली. आपल्या बायकामुलांनी आणि दीक्षा न झालेल्या पोरांनी हे पाहिलं तर समाजाची घडीच विस्कटेल, असं म्हणत तिथली पितजंतजारा मंडळी कोर्टात गेली, आणि नॉर्दर्न टेरिटरीच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्या हद्दीतली त्या ग्रंथाची विक्री थांबवली. विश्वासाने सांगितलेली गोष्ट चव्हाट्यावर मांडता येत नाही, हा इंग्रजी कायद्यातलाच जुना नियम तिथे कामी आला.

पॉइन्यंट या तालेवार मंडळींपेक्षा सज्जन होता की नाही, ते मी सांगू शकत नाही. त्याच्या फोटोंचंही पुस्तक गोऱ्या मुलांसाठीच निघालं: १९५७चं ‘पिकनिनी वॉकअबाउट’. त्याला ऑस्ट्रेलियातला उत्तम बालचित्रपुस्तकाचा पुरस्कार मिळाला. नाव आज कानाला टोचेल असं होतं, ते १९७२च्या आवृत्तीत बदललं. पण त्याच्याकडे एक भांडवल होतं. पुढे त्याची पत्नी झालेली रॉझलिन मानववंशशास्त्राची अभ्यासक होती. तो १९८६ साली गेला. त्यानंतर १९९२ साली ती हे फोटो घेऊन मानिंग्रिडाला गेली. चाळीस वर्षांपूर्वीची पोरं आता आजीआजोबा झाली होती. त्यांनी चेहरे ओळखले. कोण कुणाचा मामा, कोण कुठून आलेला, ते सांगितलं. तिच्या १९९६च्या ‘एन्काउंटर ॲट नागालाराम्बा’ या पुस्तकात हे परतीचं बोलणंही आहे, आणि म्हणूनच ते पुस्तक मला नवऱ्याच्या त्या पुस्तकाहून कितीतरी मोलाचं वाटतं.

फोटो परत नेणं हे वाटतं तितकं सरळ काम नाही. आपल्याकडे माणूस गेला की दिवस उलटतात न उलटतात तोच त्याचा फोटो मोठा करून, हार घालून भिंतीवर लागतो. आर्नहेम किनाऱ्यावर नेमकं उलट. माणूस गेला की त्याचं नाव घ्यायचं नाही, चेहरा दाखवायचा नाही. ही बंदी किती दिवस, ते घरचे ठरवतात. डेव्हिड गुलपिलिल हा जगभर नावाजलेला नट नोव्हेंबर २०२१ मध्ये वारला, तेव्हा शोककाळात त्याला ‘डेव्हिड डालाइथ्ङु’ म्हणावं, असं घरच्यांनी वृत्तपत्रांना कळवलं, आणि वृत्तपत्रांनी ते पाळलं.

याच गुलपिलिलने एका जुन्या फोटोतून सिनेमा उभा करायला लावला होता. डोनाल्ड टॉमसन या मानववंशशास्त्रज्ञाने १९३७ साली अराफुरा दलदलीत काढलेला तो फोटो. सालीच्या अरुंद होड्या, त्यांत उभे पुरुष, हातात लांब काठ्या, भोवती लव्हाळे. रानहंसांची अंडी गोळा करायला निघालेले. गुलपिलिलने तो दिग्दर्शक रॉल्फ द हीरपुढे ठेवला. ‘टेन कनूज’ २००६ साली आला. तो करताना त्याच भागातल्या रामिंगिनिंग गावच्या लोकांनी आपल्या भूमिका फोटोतल्या पूर्वजांशी असलेलं नातं पाहून वाटून घेतल्या. दिग्दर्शकाच्या पसंती-नापसंतीला तिथे फारसा वाव उरला नाही. सालीच्या होड्याही म्हाताऱ्यांनी नव्याने बांधल्या.

आज फोटो परत आणण्याचं हे काम किनाऱ्यावरच चालतं. पूर्वेकडच्या यिर्काला गावात बुकु-लार्ङगाय नावाचं कलाकेंद्र आहे. मिशनच्या जुन्या दवाखान्यात १९७०च्या दशकात तिथल्या योलंगू आदिवासी समाजाच्या कलावंतांनी ते सुरू केलं. २००७ पासून त्याच्या पोटात ‘मुल्का प्रोजेक्ट’ आहे: देशोदेशीच्या संग्रहांतून परत मिळवलेले फोटो, फिल्म, ध्वनिमुद्रणं तिथे संगणकांवर ठेवली जातात आणि गावकरी येऊन पाहतात. कुणी वारलं की त्याचे फोटो बाजूला काढायचे, घरच्यांनी सांगितलं की पुन्हा लावायचे. परदेशी संग्रहालयांनी अलीकडे मोठमोठ्या नियमावल्या लिहून जे साधायचा प्रयत्न केला, ते इथे एका निरोपावर होतं. केंद्राची तरुण मंडळी आता स्वतः कॅमेरे घेऊन घरच्यांच्या बोलावण्यावरून अंत्यविधींचं चित्रण करतात. त्यातलं काय सगळ्यांनी पाहायचं आणि काय फक्त अधिकार असलेल्यांनी, ते कुळातली वडीलधारी माणसं ठरवतात. कळा दाबायचं काम तेवढं पोरांचं.