बेस ॲम्पमधली ‘घूं’ आणि ‘सूं’

बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की ती सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. त्याच तारेवर तिसऱ्या फ्रेटला बोट दाबलं की हा आकडा ४९ वर जातो. आपल्या घरात येणारी वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं करणारी. बेसच्या ॲम्पमधून नको असलेली ‘घूं’ येते तेव्हा काय घडतं, हे या दोन आकड्यांतच दडलेलं आहे. ती घूं चालू असताना तिसऱ्या फ्रेटचा तो सूर धरून ठेवला, तर दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून साधारण सेकंदाला एकदा फुगतात आणि ओसरतात. घूं वाद्याच्या ऐन सुरांमध्येच येऊन बसलेली असते. साध्या गिटारचा सर्वांत खालचा सूर ८२ हर्ट्झच्या आसपास असतो आणि तिच्या ॲम्पचा स्पीकर ५० हर्ट्झला फारशी दाद देत नाही. बेसचं कॅबिनेट मात्र नेमक्या याच खर्जासाठी बांधलेलं असतं. म्हणून जो दोष गिटारवाल्याला जाणवतही नाही, तो बेसवाल्याच्या खोलीत जमीन हादरवतो. यातून माझा मुद्दा निघतो: बेसमधली घूं टोनच्या किंवा बासच्या नॉबने काढता येत नाही, कारण ती काढायला गेलं की बेसच निघून जातो. ती जिथून शिरते तिथेच अडवावी लागते. वरच्या पट्टीतली ‘सूं’ हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचा इलाजही वेगळा. दोन्हींना ‘नॉइज’ म्हणून एकाच टोपलीत टाकलं की पैसे जातात आणि आवाज राहतो.

शोध सुरू करायला उपकरण लागत नाही. ॲम्पच्या इनपुटमधून केबल काढायची आणि व्हॉल्यूम नेहमीइतका ठेवायचा. बहुतेक ॲम्पमध्ये रिकामा जॅक आतल्या आत अर्थला जोडला जातो, त्यामुळे बाहेरून काहीच आत येत नाही. आता घूं थांबली, तर ॲम्प निर्दोष; दोष बेसमध्ये, केबलमध्ये किंवा पेडलमध्ये. थांबली नाही, तर व्हॉल्यूम शून्यावर आणून पाहायचं. तरीही ती तेवढीच राहिली, तर ती व्हॉल्यूमच्या पुढच्या भागातून, बहुधा पॉवर सप्लायमधून येते आहे. इथे कानाचीही मदत होते. विजेचं एसीतून डीसी करताना लाटेचे दोन्ही अर्धे एकाच बाजूला वळवले जातात, म्हणून सप्लायची घूं ५० ऐवजी १०० हर्ट्झची, म्हणजे एक सप्तक वरची असते. ती बेसच्या सर्वांत बारीक मोकळ्या तारेच्या सुराला, ९८ हर्ट्झला, जवळजवळ भिडते. ही लाट सपाट करण्याचं काम मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर करतात आणि वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते आतून सुकत जातात.

घूं केबल काढल्यावर थांबत असेल, तर पहिला संशय केबलवरच घ्यावा. वाद्याच्या केबलमध्ये मधल्या तारेभोवती जाळीचं आवरण असतं, स्पीकरच्या केबलमध्ये ते नसतं. दोन्हींचे जॅक बाहेरून सारखेच दिसतात, त्यामुळे अदलाबदल सहज होते. केबल ठीक असेल तर पाळी पिकअपची. पिकअप म्हणजे चुंबकांभोवती बारीक तारेचे हजारो वेढे. तार कंप पावल्याने बदललेलं चुंबकीय क्षेत्र आणि शेजारच्या ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र यांत त्या वेढ्यांना फरक कळत नाही. बेस गळ्यात असतानाच जागेवर वळून पाहावं: एका दिशेला घूं वाढते, दुसऱ्या दिशेला जवळजवळ नाहीशी होते. असं झालं की दोष चुंबकीय आहे हे पक्कं. लिओ फेंडरच्या १९५१ च्या प्रिसिजन बेसला एकच कॉइल होती. १९५७ मध्ये तिचे दोन तुकडे झाले. दोन्हींचे वेढे आणि चुंबक एकमेकांच्या उलट. त्यामुळे तारेचा आवाज बेरजेने वाढतो आणि बाहेरची घूं वजाबाकीने जाते. १९६० च्या जॅझ बेसला दोन स्वतंत्र पिकअप आले. अशा बहुतेक बेसमध्ये दोन्ही व्हॉल्यूम सारखे ठेवले की घूं नसते आणि एक कमी केला की परत येते. नॉब बिघडला असं समजून अनेक जण बेस दुरुस्तीला नेतात, पण बिघाड कसलाच नसतो.

याहून वेगळी एक कर्कश भुणभुण असते. तारांना हात लावला की ती कमी होते आणि हात काढला की वाढते. ब्रिजखालून गेलेल्या बारीक वायरमुळे तारा अर्थला जोडलेल्या असतात. आपलं शरीर खोलीतला विद्युत गोंगाट गोळा करत असतं, ते तारांना हात लावताच शांत होतं. गोंगाटाचा उगम बहुधा दिव्याचा डिमर किंवा पंख्याचा काही प्रकारचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असतो. तो बंद करून पाहणं ही सर्वांत स्वस्त तपासणी. बेसच्या पोकळीत आतून तांब्याची पट्टी चिकटवून ती अर्थला जोडली की बराच फरक पडतो. मात्र तारांना हात लागताच मुंग्या आल्या तर वाजवणं तिथेच थांबवायचं. तो आवाजाचा प्रश्न राहिलेला नाही.

इथेच सर्वांत घातक सल्ला भेटतो: प्लगची अर्थ पिन काढून टाका. तो देणारे खोटं बोलत नसतात, पिन काढल्यावर घूं खरोखर थांबते. स्टेजवरचा ॲम्प एका बोर्डावर आणि मिक्सर दूरच्या दुसऱ्या बोर्डावर असेल, तर दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये किंचित व्होल्टेजचा फरक राहतो आणि दोन्हींना जोडणाऱ्या ऑडिओ केबलच्या जाळीतून प्रवाह फिरू लागतो. पिन काढली की हे वर्तुळ तुटतं. पण मग ॲम्पच्या आत फेजची वायर सुटून धातूच्या पेटीला टेकली, तर ती वीज केबलच्या जाळीतून थेट बेसच्या तारांपर्यंत येते. वाजवणाऱ्याचे ओठ अर्थ केलेल्या माइकला लागले की शरीरातून वाट पूर्ण होते. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ मध्ये स्वान्सी इथे स्टेजवरच विजेच्या धक्क्याने गेला. तिथे अर्थिंगमध्येच दोष होता. आपल्या तीन पिनांच्या प्लगमध्ये अर्थची पिन जाड आणि लांब असते ती उगाच नाही. ती सर्वांत आधी जोडली जावी आणि सर्वांत शेवटी सुटावी, अशी ती रचना आहे. सुरक्षित उपाय हातात असताना ती कापण्याचं समर्थन होऊच शकत नाही. शक्य तिथे सगळी उपकरणं एकाच बोर्डावरून चालवावीत. ते जमत नसेल तर ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स मध्ये घालून त्याचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबावं. ते बटण फक्त ऑडिओ केबलची जाळी तोडतं, विजेचं अर्थिंग शाबूत राहतं. जुन्या इमारतीत किंवा उत्सवाच्या मांडवात बोर्डाला अर्थिंगच नसेल, तर आधी वायरमनला बोलवावं, बाकीचं नंतर.

आता सूं. प्रत्येक रेझिस्टर निव्वळ उष्णतेमुळे थोडा आवाज निर्माण करतो, हे बेल लॅब्जच्या जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये प्रयोगाने आणि गणिताने दाखवलं. म्हणून सूं पूर्ण शून्य होत नाही, ती फक्त आवाक्यात ठेवता येते. त्यासाठी क्रम महत्त्वाचा. बेसचा व्हॉल्यूम अर्ध्यावर, पेडलचा त्याहून कमी आणि ॲम्पचा गेन टोकाला, अशी मांडणी केली की आधीच्या सगळ्या टप्प्यांची सूं शेवटी सिग्नलबरोबर मोठी होते. सुरुवातीलाच भरपूर सिग्नल द्यावा आणि पुढे कमी वाढवावा. अनेक बेस कॅबिनेटांत ट्वीटर असतो आणि त्याचा नॉब बहुधा मागे असतो. सूं मुख्यतः तिथूनच ऐकू येते, तो नॉब कमी केला की ती झटकन उतरते. स्लॅपचा कडकपणाही त्याबरोबर जातो, पण ज्याला बोटांनी गोल आवाज वाजवायचा आहे त्याचं काहीच बिघडत नाही. घूंच्या बाबतीत अशी सोय नाही, कारण ती वाद्याच्या मुख्य सुरांतच मिसळलेली असते.

यावर विचारलं जातं, मग नॉइज गेट का लावू नये? गेट वाजवणं थांबल्यावर दार बंद करतं. सूर चालू असताना घूं त्याच्या खाली तशीच असते आणि सूर विरत जाताना गेट तो मध्येच तोडतं. संथ गाण्यात हे कानाला खुपतं. बँडच्या गलक्यात हे ऐकतं कोण, असंही म्हणतात. प्रेक्षकांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरं आहे. रेकॉर्डिंगमध्ये मात्र बेसवर कंप्रेसर लावतात आणि तो हळू आवाज वर उचलतो, घूंसकट. पेडलची साखळी असेल तर गेट विकत घेण्याआधी एकेक पेडल ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून पाहावं. एकाच ॲडॉप्टरवर चार पेडल जोडले असतील आणि त्यात एखादा डिजिटल असेल, तर त्याची बारीक शीळ सगळ्यांत शिरते. बॅटरीवर ती गेली, तर वेगळ्या आउटपुटचा पॉवर सप्लाय हाच इलाज.

इनपुट रिकामा ठेवूनही घूं जात नाही अशा जुन्या व्हॉल्व्ह ॲम्पचं झाकण मात्र घरी उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्याच्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात. तो जाणत्या तंत्रज्ञाकडे द्यावा आणि देताना ‘आवाज येतो’ एवढंच सांगू नये. केबल नसतानाही घूं येते का, व्हॉल्यूम शून्यावर तेवढीच राहते का, मोकळ्या बारीक तारेच्या सुराशी जुळते का, एवढं लिहून दिलं की सप्लायच्या कपॅसिटरपासूनच तपासणी सुरू करायची की आणखी कुठून, हे त्याला झाकण उघडण्याआधीच समजतं.