आल्बाचा खडक, बारामतीचं अंडं

दिवाळीच्या आठवड्यात बारामतीच्या दुकानांत काजूकतलीशेजारी एक पारदर्शक डबा ठेवलेला दिसतो. आत सोनेरी कागदात गुंडाळलेले गोळे, प्रत्येकाखाली चुणीदार तपकिरी कागदाची वाटी, वर नखाएवढं लेबल. हे फेरेरो रोशे. कागद चुरचुरत उलगडला की आधी दाताखाली येतो हेझलनटचे तुकडे लावलेला चॉकलेटचा थर, मग वेफर, मग मऊ सारण आणि मधोमध एक अख्खं भाजलेलं हेझलनट.

फेरेरो ही कंपनी इटलीतल्या आल्बा गावची. दुसऱ्या महायुद्धानंतर कोको महाग आणि दुर्मीळ झाला होता. तेव्हा पिएत्रो फेरेरो या मिठाईवाल्याने आसपास पिकणारं हेझलनट वाटून त्यात थोडा कोको घातला आणि १९४६ साली त्याची वडी विकायला काढली. त्यातूनच पुढे १९६४ मध्ये न्युटेला आलं. पिएत्रोचा मुलगा मिकेले याने १९८२ साली रोशे बाजारात आणलं. रोशे म्हणजे फ्रेंचमध्ये खडक. मिकेलेची लूर्दच्या मेरीमातेवर गाढ श्रद्धा होती आणि नाव तिथल्या गुहेच्या खडकावरून पडलं, असं सांगतात.

जाहिराती मात्र महालातल्या. इटलीत पिवळ्या पोशाखातली श्रीमंत बाई आणि तिच्या गाडीचा चालक आंब्रोजिओ घरोघरी ओळखीचे झाले. ब्रिटनमध्ये १९९०च्या दशकात राजदूताच्या मेजवानीत तबकावर रचलेला सोनेरी मनोरा पाहुण्यांपुढे फिरायचा. लोकांनी त्या जाहिरातीची भरपूर टिंगल केली, नकला केल्या, पण नाव तोंडात बसलं. वस्तू मध्यमवर्गाला परवडणारी आणि थाट राजवाड्याचा, ही जोडी अचूक होती. खरं तर सर्वांत प्रभावी जाहिरात तो डबाच. देणाऱ्याला काही बोलावं लागत नाही.

अडचण एकच, ऊन. चॉकलेट चौतीस अंशांच्या आसपास वितळतं आणि बारामती-इंदापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो. इटलीतसुद्धा कंपनी उन्हाळ्यात रोशेची विक्री थांबवत आली आहे.

याच प्रश्नाचं एक उत्तर २००१ साली किंडर जॉयच्या रूपात आलं. प्लास्टिकचं अंडं, दोन अर्ध्या भागांत. एकात दुधाचं आणि कोकोचं क्रीम, त्यात दोन कुरकुरीत गोळ्या आणि सोबत चमचा, दुसऱ्यात खेळणं. क्रीम मुळातच चमच्याने खायचं, त्यामुळे उन्हाने मऊ पडलं तरी बिघडत नाही. भारतासारख्या देशासाठी हे फार हुशारीचं काम होतं. पुढे मुलींसाठी गुलाबी आणि मुलांसाठी निळं अशी वेगळी अंडी आली. ती वाटणी मात्र खटकते. मोटार कुणी खेळायची आणि बाहुली कुणी, हे चार वर्षांच्या पोराला दुकानात शिकवायची गरज नव्हती.

फेरेरोचा भारतातला कारखाना २०११ साली बारामतीच्या एमआयडीसीत सुरू झाला. इटलीची पियाजिओ तिथे आधीपासून तीनचाकी बनवत होती, त्यामुळे इटालियन नाव बारामतीकरांना नवं नव्हतं. नव्या कारखान्यात किंडर जॉय आणि टिक टॅक बनू लागलं. ऊस आणि दूध यांवर चालणाऱ्या तालुक्यात बायकांना मोठ्या संख्येने पगारी काम मिळालं. या घटनेची नोंद जाहिरातींपेक्षा ठळक व्हायला हवी.

त्याच वर्षी मिकेलेचा थोरला मुलगा, आजोबांच्याच नावाचा पिएत्रो, दक्षिण आफ्रिकेत सायकल चालवताना वारला. तिथेही कंपनीचा कारखाना होता: रोजगार निर्माण करण्याच्या हेतूने तिने कॅमेरून, दक्षिण आफ्रिका आणि भारतात कारखाने उभे केले. बारामतीत पिएत्रोच्या नावाने बालवाडीही आहे.

भिगवणच्या किंवा इंदापूरच्या दुकानात गल्ल्याशेजारी, बरोबर मुलांच्या नजरेच्या उंचीवर, ही अंडी मांडलेली असतात. पुढच्या वेळी घ्याल तेव्हा खेळणं बाहेर काढण्याआधी वेष्टनावरचा बारीक मजकूर एकदा वाचा आणि बारामतीचा पत्ता मुलालाही दाखवा.