जुना संगणक, नवी प्रणाली आणि रुसलेले वाय-फाय

भिसेगावसारख्या वस्तीत संगणक ही आता नवलाची वस्तू राहिलेली नाही. कर्जत स्टेशनलगतची आपली माणसे पहाटेची लोकल पकडून कल्याण, ठाणे, मुंबई गाठतात. त्यांच्या कचेऱ्यांतून मोडीत निघालेली यंत्रे स्वस्तात घरी येतात. कुणी मुलीच्या अकरावीसाठी जुन्या बाजारातून लॅपटॉप आणतो. शिष्यवृत्तीचा महाडीबीटीवरचा अर्ज, जात वैधता प्रमाणपत्राची कागदपत्रे, नोकरीच्या जाहिराती, बचत गटाचा हिशेब ही सारी कामे आज या पेटीतून होतात. म्हणून ही पेटी बंद पडणे म्हणजे घरातील मुलाचे पाऊल अडणे होय.

अशा अनेक घरांपुढे आज एक प्रश्न उभा आहे. विंडोज १० या प्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नेहमीचे मोफत संरक्षण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. विंडोज ११ जुन्या यंत्रांवर रीतसर चढत नाही, कारण तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा व्यवस्था आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. मग चालता संगणक भंगारात घालायचा काय? मुळीच नाही. लिनक्स ही मुक्त प्रणाली अशा यंत्राला आणखी काही वर्षे कामाला लावू शकते. मात्र ती टाकताना व पुढे अपग्रेड करताना काही पथ्ये पाळावी लागतात, आणि त्यात वाय-फायचे दुखणे सर्वांत जास्त छळते. त्याचाच विचार येथे करू या.

मुक्त प्रणाली म्हणजे काय?

संगणक सुरू झाल्यावर पडदा, कळफलक, फाइली व इंटरनेट यांचा सगळा कारभार जी सांभाळते ती ऑपरेटिंग सिस्टिम. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू हा प्रकल्प जाहीर केला. आज्ञावली सर्वांना वाचता यावी, बदलता यावी आणि वाटता यावी, ही त्यामागची भूमिका. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहिला. या दोन्हींच्या पायावर डेबियन, फेडोरा, उबुंटू, लिनक्स मिंट अशा प्रणाली उभ्या राहिल्या. यातील कोणतीही प्रणाली घरी वापरायला पैसे पडत नाहीत आणि एकाच पेनड्राइव्हवरून दहा घरांत टाकली तरी चोरी ठरत नाही. गरीब माणसाने चोरून वापरण्याऐवजी हक्काने वापरावी अशी ही गोष्ट आहे. केरळ राज्याने तर आपल्या सरकारी शाळांत मुक्त प्रणालीच बसवली.

रायगडातील खैराटची शाळा

हे सारे शहरी लोकांचे खूळ आहे असे कुणी समजू नये. भारतात या विषयाचा एक महत्त्वाचा प्रयोग आपल्याच रायगड जिल्ह्यात झाला. अमेरिकेतील निकोलस निग्रोपोंटे यांनी २००५ मध्ये 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ही कल्पना जगापुढे मांडली. भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये तिला नकार दिला. तरीही २००७ मध्ये खैराट येथील एकशिक्षकी प्राथमिक शाळेत सुमारे वीस-बावीस मुलांच्या हाती हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. पुढे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील मंडळींनीही या शाळेत लक्ष घातले.

हे यंत्र अगदी साधे होते. स्मृती २५६ एमबी, साठवण १ जीबी आणि आत फेडोरा लिनक्सवर उभारलेली 'शुगर' नावाची मुलांसाठीची मांडणी. शंभर डॉलरचा लॅपटॉप म्हणून त्याचा गाजावाजा झाला. प्रत्यक्षात किंमत त्याच्या दुपटीजवळ गेली. परंतु आपल्याला त्यातून दोन धडे घेता येतात.

पहिला धडा अपग्रेडचा. एक्सओची प्रणाली बदलायचे दोन मार्ग होते. एका मार्गाने मुलांनी काढलेली चित्रे, लिहिलेला मजकूर जसाच्या तसा राहून फक्त प्रणाली बदले. दुसऱ्या मार्गाने पेनड्राइव्ह लावून, चार कळी एकदम दाबून यंत्र सुरू केले की सगळे पुसले जाऊन कोरी प्रणाली चढे. काम दोन्हींनी होई. पण कोणता मार्ग चालला आहे हे माहीत नसलेल्याच्या हातून मुलाची सारी मेहनत जाई.

दुसरा धडा वाय-फायचा. मनोरा किंवा राउटर नसला तरी एका लॅपटॉपने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला संदेश पुढे द्यावा, अशी जाळीदार व्यवस्था त्यात होती. कल्पना नामी होती. पण एकाच खोलीत बरीच यंत्रे चालू झाली की सगळी एकदम हाका मारू लागत आणि कुणाचेच कुणाला नीट ऐकू जात नसे. अधिक मुलांच्या शाळेत साधा राउटर लावणेच बरे, असा अनुभव आला आणि यंत्राच्या पुढच्या पिढीतून ही जाळीची सोय काढण्यात आली. शिवाय प्रणाली मुक्त असली तरी वाय-फायच्या चिपमधील फर्मवेअर कंपनीने बंदिस्त ठेवले होते, त्यावरून त्या काळी जगभर वाद झाला. आज आपल्या घरी वाय-फाय रुसते त्याचे मूळही बरेचदा येथेच असते.

अपग्रेडपूर्वीची तयारी

अपडेट आणि अपग्रेड यांत फरक आहे. अपडेट म्हणजे आहे त्याच आवृत्तीतील डागडुजी; ती नियमित करावी. अपग्रेड म्हणजे जुनी आवृत्ती सोडून नवीवर जाणे. हिशेबनीस जसा जुन्या खतावणीतील शिल्लक नव्या खतावणीत ओढतो, तसेच हे काम आहे. शिल्लक जुळल्याशिवाय जुनी वही कुणी रद्दीत देत नाही.

उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षे मोफत दुरुस्त्या मिळतात. अधेमधे येणाऱ्या आवृत्त्यांना नऊच महिने मिळतात, म्हणून घरासाठी दीर्घ मुदतीचीच घ्यावी. २०.०४ आवृत्तीची पाच वर्षे २०२५ मध्ये संपली. ती वापरणाऱ्यांनी आधी २२.०४ आणि मग २४.०४ अशा पायऱ्या चढाव्यात. मधली पायरी गाळता येत नाही. नवी आवृत्ती निघाल्या दिवशी धाव घेऊ नये. काही महिन्यांनी तिची पहिली सुधारित प्रत येते, तोवर थांबावे. मिंट वापरणाऱ्यांनी आधी 'टाइमशिफ्ट'ने प्रणालीचे छायाचित्र घेऊन ठेवावे, म्हणजे बिघडल्यास मागे येता येते. मात्र टाइमशिफ्ट प्रणाली जपते, आपले फोटो व कागदपत्रे नव्हेत. ती वेगळी उतरवून घ्यावी लागतात.

पुढील पथ्ये पाळावीत:

१. गुणपत्रिका, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, फोटो या सर्वांची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी आणि ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. न उघडणारी प्रत ही प्रत नव्हे.

२. श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फाँटमध्ये टंकलेले मराठी मजकूर असतील तर ते फाँटही उतरवून घ्यावेत. युनिकोड मराठी मात्र लिनक्समध्ये नीट चालते.

३. अर्जाची शेवटची तारीख किंवा मुलाची परीक्षा जवळ असताना अपग्रेडला हात लावू नये.

४. लॅपटॉप चार्जरला जोडलेला असावा. आपल्याकडे पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही. बॅटरी दम धरत नसेल तर काम उघडीपीच्या दिवसावर टाकावे. अर्ध्यात वीज गेली तर प्रणाली अधांतरी लटकते.

५. अपग्रेडला काही जीबी डेटा लागतो. मोबाइलचा रोजचा कोटा अर्ध्यात संपू शकतो, याचा आधीच विचार करावा.

६. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नवी आवृत्ती आधी पेनड्राइव्हवरून 'लाइव्ह' चालवून पाहावी. काहीही न पुसता ती चालते. त्यात वाय-फाय, आवाज, कॅमेरा नीट चालतो का ते तपासावे आणि मगच पुढे जावे.

फारच जुने, ३२ बिटांचे यंत्र असेल तर उबुंटूची नवी आवृत्ती त्यावर चढणार नाही. डेबियननेही २०२५ च्या १३ व्या आवृत्तीपासून अशा यंत्रांसाठी इन्स्टॉलर देणे बंद केले. ६४ बिट आणि ४ जीबी स्मृती असेल तर मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती बरी चालते. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली तर यंत्राला नवा जोम येतो.

वाय-फाय का रुसते?

काल चालत होते, अपग्रेड केले आणि वाय-फायची खूणच गेली, ही तक्रार जुनी आहे. प्रत्येक वाय-फाय चिपला तिची भाषा जाणणारा ड्रायव्हर आणि चिपच्या आत उतरवायचे फर्मवेअर लागते. इंटेलच्या बहुतेक चिपचे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात. ब्रॉडकॉमच्या काही चिपना व रिअलटेकच्या काही यूएसबी काड्यांना बाहेरून आणलेला ड्रायव्हर लागतो. अपग्रेडमध्ये कर्नल बदलला की हा बाहेरचा ड्रायव्हर त्याच्याशी जुळवून पुन्हा बांधावा लागतो. ते झाले नाही की वाय-फाय बंद. यंत्र बिघडलेले नसते, म्हणून लगेच दुकानात पैसे मोजू नयेत. क्रमाने पुढे जावे.

प्रथम लॅपटॉपवरील वाय-फायचे बटण किंवा विमानाच्या चित्राची कळ पाहावी. टर्मिनलमध्ये 'आरएफकिल लिस्ट' ही आज्ञा दिली की वाय-फाय बटणाने अडले आहे की प्रणालीने, ते कळते.

मग इंटरनेट कोठून आणायचे? वाय-फाय नाही म्हणून ड्रायव्हर नाही, ड्रायव्हर नाही म्हणून वाय-फाय नाही, या फेऱ्यात बरेच जण अडकतात. त्यावर सोपा उपाय घरातच आहे. मोबाइल केबलने संगणकाला जोडावा आणि मोबाइलमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करावे. मोबाइलचे इंटरनेट तारेतून संगणकाला मिळते. वाय-फायच्या ड्रायव्हरची गरज लागत नाही. मग उबुंटूत 'ॲडिशनल ड्रायव्हर्स', मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडून सुचवलेला ड्रायव्हर घ्यावा व यंत्र पुन्हा सुरू करावे. डेबियनने मात्र २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून असे फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच दिले आहे.

यावेळी 'सिक्युअर बूट' साठी पासवर्ड ठरवायला सांगितले तर तो कागदावर लिहून ठेवावा. पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना निळा पडदा येतो. तेथे 'एनरोल' निवडून तोच पासवर्ड द्यावा. तो पडदा घाईत ओलांडला तर ड्रायव्हर घेऊनही वाय-फाय चालत नाही.

दोष कर्नलचाच आहे का, हे पाहायचे असेल तर यंत्र सुरू होताना 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये जाऊन जुना कर्नल निवडावा. त्यात वाय-फाय चालले तर चिप ठीक आहे. दुरुस्ती येईपर्यंत काम जुन्यावर भागवता येते.

खूण दिसते, पण काम होत नाही

कधी वाय-फाय दिसते, पण शेजारच्या मोबाइलचा हॉटस्पॉट दिसत नाही. जुने कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखते आणि मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर असतो. मोबाइलमध्ये तो २.४ वर आणावा. राउटर केवळ डब्ल्यूपीए ३ वर असेल तर जुनी यंत्रे जोडली जात नाहीत. डब्ल्यूपीए २ व ३ दोन्ही चालतील असे ठेवावे. चाळीत, इमारतीत दाटीने राउटर असतील तर २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा चॅनेल निवडावा. दर थोड्या वेळाने जोडणी तुटत असेल तर वाय-फायची वीजबचत बंद करून पाहावी.

आणखी एक फसवा प्रकार आहे. वाय-फाय जोडलेले दिसते, तरी एकही सुरक्षित संकेतस्थळ उघडत नाही. अशा वेळी संगणकाची तारीख पाहावी. जुन्या यंत्रातील चपटा सेल संपला की तारीख मागे जाते आणि संकेतस्थळांची प्रमाणपत्रे खोटी ठरतात. तारीख नीट करावी आणि सेल बदलावा. मेजावरच्या संगणकात बहुधा २०३२ क्रमांकाचा सेल असतो, तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

दुसरी बाजूही पाहावी

लिनक्स म्हणजे सर्व रोगांवर औषध नव्हे. टॅलीसारखी काही सॉफ्टवेअर त्यावर थेट चालत नाहीत. एमएस-सीआयटीचा सराव विंडोजवर करावा लागतो. काही प्रिंटर व अंगठ्याची यंत्रे हट्टी असतात. ज्या घरात रोजीरोटी अशा सॉफ्टवेअरवर आहे, त्यांनी सोय पाहूनच निर्णय घ्यावा. ज्यांना फक्त अभ्यास, अर्ज, पत्रव्यवहार आणि बचत गटाचा ताळेबंद करायचा आहे, त्यांना लिब्रेऑफिस पुरेसे आहे.

शेवटी एक सूचना. प्रत्येक वस्तीत निदान दोन मुलींनी व दोन मुलांनी हे काम शिकून घ्यावे आणि एक नोंदवही ठेवावी. तिच्यात कोणाचे यंत्र कोणते, त्यातली वाय-फाय चिप कोणती, आवृत्ती कोणती, केव्हा अपग्रेड केले, काय अडले आणि कशाने सुटले, हे लिहावे. चिपचे नाव 'एलएसपीसीआय' या आज्ञेने, आणि यूएसबी काडी असल्यास 'एलएसयूएसबी' या आज्ञेने कळते. एका घरी सापडलेला उपाय दहा घरांच्या उपयोगी पडतो. ज्ञान वहीत उतरले की ते एका माणसावर अवलंबून राहत नाही, आणि अर्जाच्या शेवटच्या रात्री कुणा विद्यार्थ्याला दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागत नाही.