गाडीचा मांडव: मोटरहोमचं ऑनिंग बांधायचं कसं, दुरुस्त करायचं कसं



आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, की गाडीच्या छपरावर एक तास काय बोलणार? मलाही पूर्वी तसंच वाटायचं. एका सकाळी महामार्गावर जे झालं, त्यानंतर माझं मत बदललं. तिथूनच सुरुवात करतो.

माझ्याकडे मिनीबसच्या चासीवर बांधून घेतलेली घरगाडी आहे. कुणी तिला मोटरहोम म्हणतं, कुणी कॅराव्हॅन. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून हा शब्द आपल्याकडे जरा रुळला. तर कोकणात दोन दिवस राहून आम्ही घाटावर परत येत होतो. निघायची घाई झाली. ऑनिंग गुंडाळलं, पण हँडलचे शेवटचे दोन वेढे मारायचे राहिले. कापड आत गेलेलं दिसत होतं, मी म्हटलं झालं. पुढे उघड्या माळावर बाजूचा वारा सुटला आणि पुढची दांडी हळूहळू बाहेर यायला लागली. मला आतून काही कळलं नाही. डावीकडून एक मोटरसायलवाला पुढे जात होता, मागे त्याची आई बसलेली. तो हॉर्न वाजवत ओरडला, "काका, छप्पर सुटलंय!" मी गाडी बाजूला घेऊन उतरलो, तर दांडी वीतभर बाहेर आली होती, आणि ती बरोबर त्या माउलीच्या खांद्याच्या उंचीवर होती.

कुणाला लागलं नाही. पण आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतो, म्हणून दार डावीकडे आणि ऑनिंगही डावीकडे. आणि आपल्याकडे दुचाकी कुठून पुढे काढतात, ते मी सांगायला नको. म्हणून आज जे बोलणार आहे ते नुसतं आपल्या सावलीपुरतं नाही.

आत काय असतं?

गाडीच्या भिंतीला वरच्या बाजूला ॲल्युमिनियमची एक लांब पेटी बसवलेली असते. तिला कॅसेट म्हणतात. आत एक नळी असते, तिच्यावर कापड गुंडाळलेलं. कापडाच्या कडेत गोल दोरी शिवलेली किंवा वेल्ड केलेली असते आणि ती नळीच्या खाचेत सरकवलेली असते. कापडाचं दुसरं टोक असंच पुढच्या दांडीच्या खाचेत बसतं. दांडीला दोन हात असतात, आपल्या हातासारखे कोपरात दुमडणारे, आणि त्यांच्यात जोरकस स्प्रिंग. हँडल फिरवलं की नळी कापड सोडते आणि हात ते पुढे ढकलतात. म्हणजे कापड कायम ताणात. दांडीतच दोन पाय लपवलेले असतात, ते खाली सोडून जमिनीवर टेकवायचे.

अमेरिकेत दुसरा प्रकार जास्त दिसतो. तिथे गुंडाळायची नळी पुढच्या बाजूला असते आणि स्प्रिंग त्या नळीच्या आत पिळलेली असते.

इथे पहिली सूचना, आणि ही लिहूनच घ्या. दोन्ही प्रकारांत स्प्रिंग ताणलेली असते. कॅसेटची पुढची दांडी हातांपासून मोकळी केली, तर हात फटकन उघडतो. अमेरिकी नळीचं टोक खिळ घालून अडवल्याशिवाय खोललं, तर ती गरगर फिरते आणि बोटं, मनगट मोडू शकतं. कापडाची दुरुस्ती घरी करा. स्प्रिंगला हात घालायचा असेल तर जाणकाराकडे जा.

पाणी आणि वारा: साधा हिशेब

ऑनिंग मोडतं ते दोन गोष्टींनी. पाण्याच्या वजनाने आणि वाऱ्याच्या उचलण्याने.

आधी पाणी. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, म्हणजे एक किलो. समजा आपलं ऑनिंग ३ मीटर लांब आणि अडीच मीटर पुढे येणारं आहे. क्षेत्रफळ झालं साडेसात चौरस मीटर. २० मिलिमीटरची एक सर आली, की वर १५० लिटर पाणी पडलं, म्हणजे १५ लिटरच्या दहा बादल्या. हे वाहून गेलं तर काहीच बिघडत नाही. पण कापडात थोडा खोलगट भाग झाला, की पाणी साचतं, साचलं की कापड आणखी खाली येतं, खाली आलं की आणखी साचतं. हे चक्र थांबत नाही, हात वाकतो तेव्हाच थांबतं.

आता वारा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण सहा किलो. आपल्या ऑनिंगवर झाले ४५ किलो. तोच वारा ताशी ७२ झाला की १८० किलो. हा ढोबळ हिशेब आहे, कापडाच्या कोनाप्रमाणे कमीजास्त होईल. पण मुद्दा लक्षात आला ना? सोसाट्याच्या वाऱ्याशी दोन बारीक पाय आणि दोन मेखा लढणार नाहीत.

आणि वारा नुसता ढकलत नाही, तो खालून उचलतो. एका बाजूला गाडीची भिंत, वर कापड. आत शिरलेल्या वाऱ्याला जायला जागा नाही. तो कापड वर फेकतो आणि अख्खं ऑनिंग गाडीच्या टपावर उलटं पडतं. सोबत भिंतीतले स्क्रूही उपटतात.

बांधायचं कसं

आपल्या भाषेत यासाठी जुने, नेमके शब्द आहेत. तंबू ताणून धरणारी दोरी म्हणजे तणावा, आणि ती जिला बांधायची ती मेख. राहुटी ठोकणाऱ्यांना जे माहीत होतं, तेच इथे लागतं.

पहिलं, उतार. गाडीकडून पुढे उतार हवाच, शिवाय एक पाय दुसऱ्यापेक्षा चांगला वीतभर खाली ठेवा. सगळं पाणी एका कोपऱ्यातून पडलं पाहिजे. मधोमध कापड सैल पडत असेल तर गाडी आणि दांडी यांच्यामध्ये एक ताणकाठी लावा. ती कापडाला खालून आधार देते.

दुसरं, पाय. नुसते टेकवून सोडू नका. पायाच्या पट्टीला भोकं असतात, तिथे मेख मारा.

तिसरं, तणावे. पुढच्या दांडीच्या दोन्ही टोकांना एकेक पट्टा, पुढे आणि थोडा बाहेरच्या बाजूला, जमिनीशी साधारण ४५ अंशांत. मेख सरळ ठोकू नका. तिचं डोकं ऑनिंगपासून लांब झुकलेलं हवं, म्हणजे दोरी आणि मेख यांच्यात काटकोन होतो. पट्ट्यात एक स्प्रिंग असली तर उत्तम. झोताचा झटका ती खाते, नाहीतर तोच झटका मेखेला आणि हाताला बसतो.

चौथं, जमीन. मुरमाड जमिनीत जाड लोखंडी मेख. पुळणीजवळच्या वाळूत मेख धरत नाही. तिथे गोणपाटाच्या पिशवीत वाळू भरा, तिला तणावा बांधा, हातभर खोल खड्ड्यात आडवी पुरा आणि वर वाळू दाबा. पिशवीवरची वाळूच तिला धरून ठेवते.

पाचवं, फडफड. कापडाची शिवण उसवते ती एका वादळाने कमी आणि रोजच्या फडफडीने जास्त. कापडाची कड आणि हात यांना एकत्र धरणारे चिमटे मिळतात, ते दोन्ही बाजूंना लावा.

आणि सहावं, बंद कधी करायचं. हवामानाचं ॲप बघा, पण झाडंही बघा. धूळ आणि सुटे कागद उडायला लागले, म्हणजे वारा ताशी २० ते २८ किलोमीटर आहे. तणावे तपासा. लहान झाडं पूर्ण डोलायला लागली, म्हणजे वारा २९ ते ३८ वर गेला. गुंडाळा. रात्री झोपताना आणि गाडी सोडून फिरायला जाताना तर गुंडाळाच, आभाळ निरभ्र असलं तरी.

फाटलं तर

आधी कापड ओळखा. दोन जाती आहेत. एक, पॉलिस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा थर. हात लावला की गुळगुळीत, रबरासारखं, आणि फाटल्या कडेला आतली जाळी दिसते. दुसरं, विणलेलं ॲक्रिलिक. ते खऱ्या कापडासारखं लागतं, हवा थोडी जाऊ देतं, पाणी बरंचसं झटकतं पण पूर्ण अडवत नाही.

ओळखायचं कशाला? कारण ठिगळाची पट्टी आणि गोंद वेगळा लागतो. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट मऊकारक असतो. तो हळूहळू बाहेर झिरपतो आणि साध्या चिकटपट्टीचा गोंद पातळ करतो. म्हणून पीव्हीसीसाठी पीव्हीसीचीच पट्टी किंवा पीव्हीसीचाच सोल्युशन मागा.

आता क्रम. साबणाच्या कोमट पाण्याने जागा धुवा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या किंवा धुळकट कापडावर काहीच टिकत नाही. कापड सपाट फळीवर ठेवा, फाटलेल्या कडा जुळवा. ठिगळ चारी बाजूंनी ५ सेंटिमीटर मोठं कापा आणि त्याचे कोपरे गोल करा. टोकदार कोपरा गुंडाळताना उचकटतो, आणि मग सगळं ठिगळ सोलून निघतं. मधून बाहेर दाबत चिकटवा, हवेचे फुगे काढा. फाटणं मोठं असेल तर दोन्ही बाजूंनी ठिगळ लावा. चोवीस तास गुंडाळू नका.

काय करू नये, तेही सांगतो. झटपट चिकटणारा गोंद वापरू नका. तो काचेसारखा कडक होतो आणि कापड वळलं की तडकतो. घडीभराची सोय म्हणून रुंद डक्ट टेप चालेल, पण उन्हात त्याचा चिकटा कापडावर राहतो आणि पुढचं ठिगळ नीट बसत नाही.

शिवण उसवली असेल तर साधा सुती दोरा नको, जाड पॉलिस्टरचा घ्या. जुन्याच भोकांतून शिवा, कारण सुईचं प्रत्येक नवं भोक म्हणजे गळतीची जागा. वरून शिवणीला सीलर लावा. हे जमत नसेल तर गावातला ताडपत्रीवाला किंवा सीटकव्हरवाला शोधा. त्यांच्या मशीनची सुई जाड कापडातून सहज जाते.

आणि कापडापेक्षा महत्त्वाचं, भिंतीतले स्क्रू. घरगाडीची भिंत पातळ असते. स्क्रू आतल्या सांगाड्यात गेलेला हवा, नुसत्या पत्र्यात नाही. कॅसेटच्या मागून पाणी झिरपत असेल तर सील पुन्हा करा, ब्युटिल पट्टी चांगली. समुद्राजवळ राहत असाल तर ॲल्युमिनियम आणि पोलाद यांच्यामध्ये प्लास्टिकचा वॉशर घाला. खाऱ्या हवेत हे दोन धातू थेट टेकले, की ॲल्युमिनियम पांढरं पडून भुसभुशीत होतं.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: पावसात निघायचं असेल तर ओलंच गुंडाळलं तर चालेल का?*

चालेल, नाइलाज असतो. पण एक-दोन दिवसांत उघडून वाळवा. बुरशी कापडावरच्या मळावर वाढते, म्हणून गुंडाळण्यापूर्वी पाला, चिखल झाडून घ्या. कडक ब्रश मारू नका, पाणी झटकणारा थर जातो.

*प्रश्न: आमचं ऑनिंग मोटरवर चालतं. वारा आला की आपोआप बंद होतं. मग तणाव्यांची गरज काय?*

बरेचसे सेन्सर वाऱ्याचा वेग मोजत नाहीत, दांडीचा हादरा मोजतात. म्हणजे झोत येऊन गेल्यावर ते जागे होतात. आणि पाय मेखांनी जखडलेले असताना ते आपोआप गुंडाळायला लागलं, तर मोटर आणि हात दोन्ही जातील. म्हणून तणावे बांधलेत तर सेन्सर बंद, आणि सेन्सरवर सोडलंत तर जवळच बसा. हाताने गुंडाळायचं हँडल गाडीत कुठे आहे, ते मात्र आजच शोधून ठेवा.

*प्रश्न: निघताना नेमकं काय बघायचं?*

चार गोष्टी. हँडल पूर्ण घट्ट होईपर्यंत फिरवायचं. दांडी पेटीला दोन्ही टोकांना टेकली आहे का, ते बोट फिरवून बघायचं, नुसतं डोळ्यांनी नाही. कॅसेट नसेल तर हातांना दोन ठिकाणी पट्टे आवळायचे. आणि पहिल्या चहाला थांबाल तिथे डाव्या बाजूला जाऊन पुन्हा एकदा बघायचं.

आमच्याकडे आता हे काम सौभाग्यवतींनी घेतलं आहे. त्या खाली उतरून बोट फिरवून येतात आणि "चला" म्हणतात, तोवर मी किल्ली फिरवत नाही. त्या मोटरसायकलवाल्या पोराचं नाव मी विचारलं नाही, ते राहूनच गेलं. त्याची आठवण म्हणून निदान एवढं करतो.